कै. काका बाप्टिस्टा

नांदूरघाटाकडून पोट भरण्यास मुंबईस गेलेल्या आमच्या बंधूंपैकी कोणी माझगावची टेकडी पाहिली असेल. तिजवरील बागेस ज्यांचे नाव दिले आहे, त्या बॅरिस्टर जोसेफ बाप्टिस्टा यांचा वृत्तांत आम्ही येथे देत आहो.

माझगावातच १८६४ साली एका ईस्ट इंडियन ख्रिस्ती घराण्यात ते जन्मले. पुण्यास शिकून त्यांनी सिंध प्रांती जंगलखात्यात नोकरी केली. ती सोडून ते विलायतेस गेले व १८९९ साली बॅरिस्टर झाले.

१९१० साली सावरकरांवर खटला झाला, तेव्हा बचावाच्या वकिलांत बाप्टिस्टा होते. त्या दिवसांत असे वकीलपत्र घेणे सोपे नव्हते. १९१६ साली टिळकांच्या पुढाकाराने बेळगावी होमरूल लीग निघाली. टिळकांनी स्वतः कोणतेच पद घेतले नाही. अध्यक्ष झाले ते बाप्टिस्टा. ते रोमन कॅथॉलिक, पण लोक त्यांस काका म्हणत. ख्रिस्ती मनुष्य देशास परका, असे टोमणे ज्यांस गावी ऐकावे लागतात, त्यांनी हे ध्यानात धरावे.

१९२५ साली ते मुंबई नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. त्या हुद्द्यास महापौर हे नाव १९३१ साली मिळाले. आमच्या मते त्यांचे याहून मोठे काम मजुरांचे. १९२० साली निघालेल्या ट्रेड युनियन काँग्रेसचे ते एक संस्थापक. पुढल्या वर्षी झरियाच्या कोळसाखाणींच्या मुलखात तिचे अधिवेशन भरले. खाणमालकांस ते नको होते. तरी हजारो मजूर आले व बाप्टिस्टा अध्यक्षस्थानी बसले.

१८ सप्टेंबर १९३० रोजी ते मुंबईत निवर्तले. शिवडीच्या दफनभूमीत त्यांस मूठमाती देण्यात आली.