भास्कराचार्य आणि गुप्त किल्ली

मुलांनो, जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण हे प्राचीन ठिकाण आहे. तेथील इ. स. १२०७ चा शिलालेख प्रसिद्ध आहे. थोर गणिती भास्कराचार्य यांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा, म्हणून त्यांचे नातू चांगदेव यांनी येथे मठ स्थापन केला, अशी नोंद त्यात आहे. हा मठ म्हणजे एक विद्यालयच होते.

भास्कराचार्यांचा जन्म इ. स. १११४ मध्ये झाला. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी 'सिद्धांतशिरोमणी' हा ग्रंथ लिहिला. 'लीलावती' हा त्याचाच एक भाग. अकबर बादशहाच्या सांगण्यावरून कवी फैजी यांनी १५८७ मध्ये 'लीलावती'चे फारसीत भाषांतर केले.

'लीलावती'त 'कुट्टक' नावाची रीत आहे. कुटणे म्हणजे बारीक करणे. या रीतीत मोठ्या संख्यांना पुन्हा पुन्हा भागून लहान करतात आणि उत्तर शोधतात. आर्यभटांनी ४९९ मध्ये सांगितलेली ही रीत भास्कराचार्यांनी नीट समजावून दिली. एक उदाहरण पाहा. ३ ला कितीने गुणावे, म्हणजे गुणाकाराला २० ने भागल्यावर बाकी १ उरेल? उत्तर आहे ७. हे तुम्ही अंदाजानेही सांगाल. पण संख्या शेकडो अंकी असतील, तर रीतच हवी.

अशा संख्या कोठे लागतात? तुम्ही इंटरनेटवरून पाठवलेला निरोप अनेक यंत्रांतून पुढे जातो. वाटेत तो कोणी वाचू नये, बँकेतले पैसे कोणी चोरू नयेत, म्हणून मजकूर सांकेतिक करतात. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी त्यासाठी दोन किल्ल्यांची पद्धत तयार केली. पहिली किल्ली सर्वांना माहीत असते. तिने निरोप बंद होतो. दुसरी गुप्त असते. तिनेच तो उघडतो. पहिली किल्ली ३ असेल, तर दुसरी ७, हे वरच्याच गणिताने ठरते!

मग चोर हे गणित का करत नाही? त्याला २० ही संख्या माहीत नसते. ३ आणि ११ या मूळ संख्यांतून प्रत्येकी १ वजा करून, २ आणि १० यांच्या गुणाकाराने ती मिळते. चोराला फक्त ३३ दिसतात. त्याचे अवयव तुम्ही लगेच पाडाल. परंतु अशा शेकडो अंकी संख्येचे अवयव पाडणे आजच्या संगणकांनाही जमत नाही.

भास्कराचार्यांच्या काळी कुट्टक ग्रहांच्या गणितासाठी वापरत. त्याचा असा उपयोग होईल, हे कोणाला ठाऊक होते? मुलांनो, एखादी रीत निरुपयोगी वाटली, तरी ती मन लावून शिका.