टीकाग्रंथ घेण्यापूर्वी

भगिनींनो, मुलाने टॅब दिला, तेव्हा दापोडीतल्या घरी बसून मी त्यात घ्यावयाच्या बायबलवरील टीकाग्रंथांची यादी केली. साठवलेले पैसे थोडे, ग्रंथ पुष्कळ. मनात पंडिता रमाबाई आल्या.

१८५८ साली जन्मलेल्या रमाबाईंना आईने संस्कृत शिकविले. दुष्काळात आईवडील गेले. १८७८ मध्ये कलकत्त्यात त्या ‘पंडिता’ ठरल्या. पुढे वैधव्य, १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन, मग केडगावचे मुक्ती सदन. हे आपण जाणतोच. मला नवल वाटते ते उतारवयाचे. प्रचलित मराठी बायबल खेड्यातील बायांना जड जाते, म्हणून ह्या संस्कृत विदुषीने हिब्रू व ग्रीक शिकून सोपे भाषांतर आरंभिले. छपाईला आश्रमातल्याच बाया! १९२१ मध्ये एकुलती मनोरमा गेली, तरी काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या निवर्तल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये निघाले.

मी यादीतील पाच नावे खोडली. मूळ शब्द उलगडणारा एकच टीकाग्रंथ घेतला, नि उरलेल्या पैशांत हिब्रू मुळाक्षरांचे पुस्तक. उजवीकडून डावीकडे वाचताना डोळे अजून चुकतात.