नॉर्मन लॉकियर

सर जोसेफ नॉर्मन लॉकियर (१७ मे १८३६ – १६ ऑगस्ट १९२०) हे इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ होते. सूर्याच्या वर्णपटातील एका पिवळ्या रेषेवरून त्यांनी हेलियम या मूलद्रव्याचे अस्तित्व ओळखले. नेचर या विज्ञान-नियतकालिकाचे ते संस्थापक आणि पहिले संपादक होते. महाराष्ट्रात त्यांचे नाव सिंधुदुर्ग जिल्ह्यातील विजयदुर्ग किल्ल्याशी जोडले जाते. १८६८ साली त्यांनी याच किल्ल्यावरून हेलियमचा शोध लावला, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. ते खरे नाही. लॉकियर विजयदुर्गला आले होते, परंतु ते तीस वर्षांनंतर, १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी.

सुरुवातीचे जीवन

लॉकियर यांचा जन्म इंग्लंडमधील रग्बी या गावी झाला. वडील वैद्यकीय व्यवसायात होते आणि त्यांना विजेच्या तारायंत्राच्या प्रयोगांची आवड होती. १८५७ साली लॉकियर ब्रिटिश सरकारच्या युद्ध खात्यात कारकून म्हणून रुजू झाले. विज्ञानाचे विद्यापीठीय शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. दिवसा कचेरी आणि रात्री दुर्बीण असा त्यांचा क्रम बरीच वर्षे चालला. विम्बल्डन येथील घराच्या आवारात त्यांनी सव्वासहा इंच व्यासाची दुर्बीण बसवली होती. प्रारंभी चंद्र आणि मंगळ हे त्यांच्या निरीक्षणाचे विषय होते. वर्णपटदर्शक हाती आल्यावर मात्र ते सूर्याकडे वळले व अखेरपर्यंत त्याच विषयात राहिले.

वर्णपट आणि पदार्थाची ओळख

लॉकियर यांचे काम समजण्यासाठी त्या काळी नुकत्याच लागलेल्या एका शोधाची माहिती आवश्यक आहे. १८५९–६० च्या सुमारास जर्मनीत किर्खोफ आणि बुन्सेन यांनी दाखवून दिले की, प्रत्येक मूलद्रव्य तापवून वायुरूपात नेले असता ते ठराविक रंगांच्याच प्रकाशरेषा देते. चिमूटभर मीठ चुलीच्या जाळावर टाकल्यास जाळ पिवळा होतो. हा पिवळा रंग मिठातील सोडियमचा असून वर्णपटात तो एकमेकींना लागून असलेल्या दोन रेषांच्या रूपाने दिसतो. त्यांची तरंगलांबी सुमारे ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर आहे. तापलेला घन किंवा द्रव पदार्थ मात्र सलग, अखंड वर्णपट देतो. त्यामुळे दूरवरच्या वस्तूला हात न लावता दोन गोष्टी सांगता येऊ लागल्या: ती वस्तू विरळ वायुरूप आहे की नाही, आणि तिच्यात कोणती मूलद्रव्ये आहेत.

खग्रास ग्रहणात चंद्राच्या काळ्या बिंबाभोवती तांबूस ज्वाळा दिसतात. त्यांना सौरज्वाला म्हणतात. त्या वायूच्या असतील तर वर्णपटात त्यांच्या तेजस्वी रेषा दिसल्या पाहिजेत, आणि तसे असेल तर त्या पाहण्यासाठी ग्रहणाची वाट पाहण्याचे कारण नाही, असा तर्क लॉकियर यांनी १८६६ साली केला. सूर्याचा विखुरलेला प्रकाश पुरेशा लोलकांतून नेला की तो दूरवर पसरून फिका पडतो. रेषांचा प्रकाश मात्र एकाच जागी राहतो आणि उठून दिसतो. कल्पना साधी होती, पण तिला लागणारे उपकरण तयार होण्यास दोन वर्षे लागली. या दिरंगाईमुळे पुढे श्रेयाचा प्रश्न उभा राहिला.

१८६८ चे ग्रहण

१८ ऑगस्ट १८६८ रोजी झालेल्या खग्रास ग्रहणाची छाया हिंदुस्थानाच्या पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्याकडे गेली. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल, विजापूरला कॅप्टन हेग, गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर जान्सन व मेजर टेनंट आणि मछलीपट्टणमला मद्रास वेधशाळेचे नॉर्मन पॉगसन असे अनेक निरीक्षक या पट्ट्यात होते. सौरज्वालांच्या रेषा तेजस्वी आहेत, म्हणजे त्या वायुरूप आहेत, हे त्या दिवशी निश्चित झाले. पिवळ्या भागातही एक रेषा दिसली. ती सोडियमचीच असावी असे बहुतेकांनी धरले, तरी ती सोडियमच्या जागेवर नेमकी बसत नसल्याची शंका पॉगसन यांना आली होती. रेषा इतक्या ठळक होत्या की, जान्सन यांनी दुसऱ्याच दिवशी ग्रहण नसतानाही सौरज्वाला पाहून दाखवल्या.

त्या दिवशी लॉकियर इंग्लंडमध्येच होते. त्यांचे उपकरण १६ ऑक्टोबर रोजी हाती आले आणि २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्यांनी सौरज्वालांच्या रेषा स्वतंत्रपणे पाहिल्या. जान्सन यांचे पत्र हिंदुस्थानातून पोहोचण्यास वेळ लागला, त्यामुळे दोघांचे वृत्तान्त पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे २६ ऑक्टोबर या एकाच दिवशी आले. अकादमीने श्रेय दोघांना सारखे दिले, आणि फ्रेंच सरकारने पुढे दोघांच्या मुद्रा असलेले पदक काढले. या पदकाचा संबंध पुष्कळदा हेलियमशी लावला जातो. प्रत्यक्षात ते ग्रहणाविना सौरज्वाला पाहण्याच्या पद्धतीसाठी होते.

हेलियम

लॉकियर यांनी पिवळ्या रेषेची जागा काळजीपूर्वक मोजली. ती सोडियमच्या दोन्ही रेषांपासून दूर, सुमारे ५८७.६ नॅनोमीटरवर निघाली. डी१ आणि डी२ ही सोडियमच्या रेषांची नावे असल्याने हिला डी३ म्हणण्यात आले. रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांच्याबरोबर त्यांनी प्रयोगशाळेत हायड्रोजन वेगवेगळ्या दाबांखाली व तापमानांना तपासला, पण ही रेषा मिळाली नाही. फ्रँकलंड सावध राहिले. ही रेषा पृथ्वीवर अज्ञात असलेल्या मूलद्रव्याची आहे, अशा निष्कर्षाला लॉकियर आले. सूर्यासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून त्याला हेलियम हे नाव मिळाले. १८७१ साली एडिंबरा येथील ब्रिटिश असोसिएशनच्या अध्यक्षीय भाषणात विल्यम टॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी या नावाचा जाहीर उल्लेख केला. नावाच्या शेवटचा ‘यम’ हा सोडियम, कॅल्शियम यांसारख्या धातूंच्या नावांतला आहे. नव्या द्रव्याचा कोणताही नमुना हाती नसताना ते धातू असावे असे गृहीत धरले गेले, आणि ते वायू निघाल्यावरही नाव तसेच राहिले.

डोळ्यांनी न पाहिलेल्या, तराजूत न तोललेल्या पदार्थाला केवळ एका रेषेवरून मूलद्रव्य मानावे का, हा वाद सत्तावीस वर्षे चालला. संशय घेणाऱ्यांची बाजू अगदीच चुकीची नव्हती. सूर्याच्या प्रभामंडलातील हिरव्या रेषेवरून कोरोनियम, तर तेजोमेघांतील रेषांवरून नेब्युलियम अशी आणखी दोन मूलद्रव्ये कल्पिली गेली. पुढे पहिली रेषा अतितप्त लोहाची आणि दुसऱ्या ऑक्सिजनच्या निघाल्या. हेलियमचा निकाल १८९५ साली लागला. विल्यम रॅमसे यांना क्लीव्हाइट या युरेनियमयुक्त खनिजातून निघालेल्या वायूत एक अपरिचित पिवळी रेषा दिसली. विल्यम क्रुक्स यांनी तिची तरंगलांबी मोजली आणि ती डी३ च ठरली. त्याच वर्षी स्वीडनमध्ये क्लेव आणि लांगले यांनी हा वायू मिळवून त्याचा अणुभार ठरवला. आज सूर्याच्या वस्तुमानाचा सुमारे चौथा हिस्सा हेलियमचा असल्याचे ज्ञात आहे.

विजयदुर्ग, १८९८

लॉकियर प्रथम हिंदुस्थानात आले ते १२ डिसेंबर १८७१ च्या ग्रहणासाठी, मलबार किनाऱ्यावरील बेकल येथे. त्याआधी १८७० साली सिसिलीच्या मोहिमेत त्यांचे जहाज खडकावर आदळले होते, तर १८९६ साली नॉर्वेत आकाश ढगाळ राहिले.

२२ जानेवारी १८९८ रोजीच्या ग्रहणाचा पट्टा कोकणातून ईशान्येकडे गेला. लॉकियर यांनी विजयदुर्ग निवडले. मेलपोमीन या युद्धनौकेवरील अधिकारी व खलाशी त्यांच्या मदतीस होते. उपकरणे उभारण्यापासून घटका मोजण्यापर्यंत आणि प्रभामंडलाची चित्रे काढण्यापर्यंतची कामे त्यांना वाटून देऊन आधी रंगीत तालमी घेण्यात आल्या. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची असल्याने याला पर्याय नव्हता. मुख्य साधन होते भिंगापुढे लोलक बसवलेला कॅमेरा. सूर्याची उरलेली बारीक कोरच यात फटीचे काम करते, म्हणून प्रत्येक रेषा छायाचित्रात कमानीसारखी उमटते आणि कमानीच्या लांबीवरून तो वायू सूर्यपृष्ठापासून किती उंचीपर्यंत पसरला आहे हे कळते.

याच पट्ट्यात सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे पुण्याच्या सायन्स कॉलेजातील कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी, तर वर्ध्याजवळ पुलगाव येथे ब्रिटिश शास्त्रज्ञांच्या दुसऱ्या तुकडीने निरीक्षणे केली. जेऊर आणि पुलगाव यांना जोडणारी सरळ रेषा, तेव्हा निजामाच्या राज्यात असलेल्या, आजच्या परभणी जिल्ह्यातून जाते. नायगमवाला यांचा लॉकियर यांच्याशी आणखी एक संबंध आहे. तेजोमेघातील प्रमुख हिरवी रेषा मॅग्नेशियमची आहे, असे लॉकियर यांचे मत होते. तसे असते तर ती एका बाजूस पुसट दिसायला हवी होती. नायगमवाला यांना पुण्याच्या वेधशाळेतून ती स्वच्छ आणि रेखीव दिसली, आणि तसे त्यांनी प्रसिद्ध केले.

विजयदुर्ग किल्ल्यातील चौथरे ‘साहेबाचे ओटे’ किंवा ‘साहेबाचे कट्टे’ म्हणून ओळखले जातात, आणि दरवर्षी १८ ऑगस्टला तेथे हेलियम दिन साजरा होतो. १८६८ आणि १८९८ या दोन ग्रहणांची सरमिसळ होऊन विजयदुर्गच्या शोधाची कथा तयार झाली असावी. किल्ल्याचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही. १८९८ ची मोहीम प्रत्यक्ष घडलेली आहे, आणि तिचे वृत्तान्त छापील स्वरूपात उपलब्ध आहेत.

विघटनाचा सिद्धान्त

चुनखडी भाजली की चुना आणि कार्बन डायऑक्साइड वेगळे होतात. उष्णतेने संयुगे तुटतात, तर अधिक उष्णतेने मूलद्रव्येही तुटत असतील, असे लॉकियर मानत. त्यांचा आधार प्रयोगाचा होता. कॅल्शियमच्या वर्णपटात ज्योतीच्या तापमानाला निळी रेषा ठळक असते, विजेच्या ठिणगीत मात्र एच आणि के या जांभळ्या रेषा तिच्यावर मात करतात. एकाच पदार्थाचे दोन वर्णपट असतील तर तो पदार्थ मुळात बदलला असला पाहिजे. रसायनशास्त्रज्ञांनी हा विचार स्वीकारला नाही, कारण कॅल्शियमपासून दुसरे कोणतेही सोपे मूलद्रव्य कोणाच्या हाती आले नव्हते. लॉकियर यांनी याच कल्पनेवर ताऱ्यांच्या उत्क्रांतीची मांडणी रचली. तिचा बराचसा भाग आज त्याज्य आहे.

निरीक्षण मात्र खरे होते. जांभळ्या रेषा एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या कॅल्शियम अणूच्या असतात. कोणत्या तापमानाला व दाबाला किती अणू इलेक्ट्रॉन गमावतील, याचे समीकरण मेघनाद साहा यांनी १९२० साली प्रसिद्ध केले. त्याच वर्षी साहा लंडनमध्ये आल्फ्रेड फाउलर यांच्या प्रयोगशाळेत काम करीत होते, आणि फाउलर हे लॉकियर यांचे जुने सहकारी होते.

नेचर आणि उत्तरायुष्य

नेचरचा पहिला अंक ४ नोव्हेंबर १८६९ रोजी निघाला. लॉकियर यांनी त्याचे संपादन पन्नास वर्षे केले. स्वतःच्या मतांचा पुरस्कार ते त्यातून बिनदिक्कत करीत, आणि त्यामुळे अनेकांचा रोषही त्यांनी ओढवून घेतला. १८६९ साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले, १८९७ साली त्यांना सर ही पदवी मिळाली. दक्षिण केन्सिंग्टन येथील सौर भौतिकी वेधशाळेचे ते संचालक होते. सरकारने ती वेधशाळा केंब्रिजला हलवण्याचे ठरवल्यावर त्यांनी डेव्हन परगण्यात सिडमथजवळच्या टेकडीवर स्वतःची वेधशाळा उभारली. प्राचीन मंदिरांच्या दिशा आणि सूर्योदयाचे स्थान यांवरून इजिप्तमधील देवळांचा व स्टोनहेंजचा काळ ठरवण्याचा प्रयत्नही त्यांनी केला. १६ ऑगस्ट १९२० रोजी सिडमथजवळील सॅलकम रेजिस येथे त्यांचे निधन झाले.