सुभेदार मल्हारराव आणि त्यांच्या घरची दौलत

२० मे १७६६ रोजीं आलमपूरच्या छावणींत सुभेदार मल्हारराव होळकर वारले, तेव्हां त्यांचें वय त्र्याहत्तर वर्षांचें होतें आणि त्यांपैकीं सुमारें पन्नास वर्षें घोड्याच्या पाठीवर गेलीं होतीं. त्यांच्या लढायांचीं वर्णनें आमच्या वाचकांनीं शाळेच्या पुस्तकांपासून वाचलेलीं आहेत. पानिपतचा विषय निघाला कीं त्यांच्या नांवानें बोटें मोडण्याचा प्रघातही जुनाच आहे. आज आम्हांस त्यांच्या चरित्राची जी बाजू पुढें मांडावयाची आहे ती रणांगणावरची नसून घरांतली आहे, आणि पेढीवर बसणाऱ्या आमच्या वाचकांनीं तिचा विशेष विचार करावा अशी आमची विनंती आहे.

नीरेच्या कांठच्या होळ गांवीं १६९३ सालीं एका धनगराच्या घरीं त्यांचा जन्म झाला. बाप लवकरच वारला. आई पोराला घेऊन खानदेशांत तळोद्यास आपला भाऊ भोजराज बारगळ याच्या आश्रयास गेली. मेंढरांमागें फिरतां फिरतां निजलेल्या या पोरावर नागानें फणा धरल्याची कथा सर्वांस ठाऊक आहे. तिच्या खरेखोटेपणांत आम्ही शिरत नाहीं. आम्हांस नागापेक्षां त्या निराधार विधवेला थारा देणाऱ्या भावाचें मोल अधिक वाटतें. याच मामानें पुढें आपली मुलगी गौतमाबाई भाच्यास दिली. कदम बांड्यांच्या पागेंतून मल्हारराव बाजीरावांच्या पदरीं आले आणि मग माळवा, १७३७ ची दिल्लीवरील चढाई, १७३९ ची वसई अशी त्यांची तलवार चालत राहिली. ही हकीकत येथें विस्तारानें सांगण्याची गरज नाहीं.

परंतु १७३४ सालची एक गोष्ट मात्र थांबून पाहण्यासारखी आहे. त्या सालीं मल्हाररावांनीं पेशव्यांकडून आपल्या पत्नीच्या, म्हणजे गौतमाबाईंच्या, नांवानें निराळी खासगी जहागीर करून घेतली. महेश्वर वगैरे माळव्यांतील महाल आणि दक्षिणेंतील कांहीं गांवें मिळून तिचें उत्पन्न वर्षास सुमारें तीन लाख रुपयांचें होतें. फौजेच्या खर्चाची दौलत वेगळी आणि बाईंची खासगी वेगळी, अशी विभागणी झाली. शिपाईगिरी करणाऱ्या माणसाचा आज उद्यां भरंवसा नसतो; सरकारजमा झाली किंवा कर्जांत बुडाली तरी घरच्या बाईच्या हातीं तिचें स्वतःचें असें कांहीं राहावें, ही दृष्टि या व्यवस्थेंत आम्हांस स्पष्ट दिसते. गौतमाबाई १७६१ सालीं वारल्या आणि ती खासगी सून अहिल्याबाई यांच्याकडे आली. काशी, गया येथें त्या बाईंनीं जीं देवालयें व घाट बांधिले, त्यांचा पैसा या खासगींतला होता, सरकारी तिजोरींतला नव्हे.

या गोष्टीला पावणेतीनशेंहून अधिक वर्षें लोटलीं. दरम्यान १९३७ च्या कायद्यानें हिंदु विधवेला पतीच्या मिळकतींत हिस्सा दिला, पण तो हयातीपुरता. १९५६ च्या कायद्यानें ती हयातीची अट काढून टाकिली. २००५ च्या दुरुस्तीनें मुलगी जन्मानेंच मुलाच्या बरोबरीची सहदायाद झाली. कायद्यानें आपलें काम बव्हंशीं केलें. आमच्या शहरांतील सुखवस्तु घराण्यांनीं काय केलें? बाप वारला कीं तेराव्याचें जेवण पचण्यापूर्वीं बहिणींना दुय्यम निबंधकाच्या कचेरींत नेऊन हक्कसोडपत्रावर सह्या घ्यावयाच्या, आणि माहेर तुटूं नये म्हणून त्या बिचाऱ्यांनीं त्या मुकाट्यानें करावयाच्या, हा प्रकार वकिलीच्या धंद्यांत आम्ही नित्य पाहतों. मुद्रांकशुल्कांत सवलत मिळते म्हणून पत्नीच्या नांवें घर घेणारे गृहस्थही पुष्कळ आहेत. त्या घराचे कागद कोणत्या कपाटांत आहेत हें त्या माउलीस विचारून पाहावें. आपण मल्हाररावांहून सुधारलेले आहोंत असें म्हणण्यापूर्वीं या सद्गृहस्थांनीं १७३४ ची ती जहागीर डोळ्यांपुढें आणावी.

१७५४ सालीं सूरजमल जाटाच्या कुंभेरीच्या किल्ल्याला वेढा पडला असतां मल्हाररावांचा एकुलता एक मुलगा खंडेराव तोफेच्या गोळ्यानें ठार झाला. सासरा त्या वेळीं साठी ओलांडलेला होता. खंडेरावाच्या इतर स्त्रिया सती गेल्या. अहिल्याबाई निघाल्या असतां मल्हाररावांनीं त्यांची विनवणी करून त्यांस परत फिरविलें. सतीबंदीचा कायदा १८२९ सालीं झाला, त्याच्या पाऊणशें वर्षें आधींची ही गोष्ट आहे. मात्र येथें सत्य झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. त्यांनीं आपल्या सुनेला वाचविलें, रूढीला हात लाविला नाहीं. आणि इतर बायकांच्या चितेच्या वेळीं ते गप्प राहिले.

तरीही सुनेला परत आणून त्यांनीं तिला माजघरांत कोंडलें नाहीं, यांत त्यांचा खरा मोठेपणा आहे. वसूल, हिशेब, फौजेची रसद हीं कामें त्यांनीं तिच्याकडे सोंपविलीं. १७६५ सालीं स्वतः उत्तरेंत इंग्रजांशीं झुंजत असतां त्यांनीं अहिल्याबाईंना जीं पत्रें धाडलीं त्यांत तोफखाना ग्वाल्हेरीकडे नेण्याविषयीं आणि दारूगोळ्याच्या तजविजीविषयीं हुकूम आहेत. कोऱ्याजवळ त्या वर्षीं इंग्रजांच्या कवायती तोफखान्यापुढें त्यांचा मोड झाला. पण बहात्तर वर्षांचा म्हातारा या नव्या परकीय सत्तेशीं उभा राहतो आणि त्या वेळीं तोफांची भिस्त विधवा सुनेवर ठेवतो, हें चित्र आमच्या इतिहासांत दुसरें नाहीं.

त्यांचे दोष थोडे नव्हते. जयपूरच्या गादीच्या तंट्यांत पैशाचा तगादा एवढा लाविला कीं १७५० सालीं ईश्वरीसिंगानें जीव दिला. नजीबखान १७५७ सालीं हातीं सांपडला असतां त्यांनींच मध्यस्थी करून त्यास सोडविलें, आणि त्याचें फळ सर्व महाराष्ट्रानें पानिपतावर भोगलें. बुणगे मागें ठेवून सड्या फौजेनें लढावें हा त्यांचा सल्ला भाऊसाहेबांनीं ऐकला नाहीं हें खरें. त्या दिवशीं त्यांनीं मैदान सोडलें हेंही तितकेंच खरें. त्याच वर्षाच्या अखेरीस मांगरोळास जयपूरकरांवर त्यांनीं जय मिळविला, तेथें जखमी झाले, आणि १७६३ सालीं सत्तराव्या वर्षीं राक्षसभुवनावर पुन्हा हजर होते.

मल्हाररावांमागून नातू मालेराव वर्षभरांतच वारला. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनीं दत्तकाचा डाव टाकला, राघोबादादा फौजेनिशीं उज्जयिनीस आले. बाई डगमगल्या नाहींत. थोरल्या माधवरावांनीं त्यांचा हक्क मान्य केला, फौज तुकोजी होळकरांनीं पाहिली, आणि पुढें १७९५ पर्यंत महेश्वराहून बाईंनीं दौलत चालविली. सासऱ्याची छत्री त्यांनीं आलमपुरास बांधली. १७९१ सालीं जांवई यशवंतराव फणसे वारला, तेव्हां मुलगी मुक्ताबाई सती निघाली. अहिल्याबाईंनीं तिची पुष्कळ मनधरणी केली. मुक्ताबाई थांबली नाहीं.