एडी आयकाऊ: वायमियाच्या लाटांवरचा जीवरक्षक

पावसाळ्यात मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आला की मिठी नदीचं पाणी समुद्रात उतरत नाही आणि कुर्ल्यात पाणी साचतं. किनाऱ्यावर जाऊ नका, असा इशारा मुंबईकरांना दिला जातो. हवाईतल्या ओआहू बेटावर मात्र समुद्र सर्वाधिक खवळतो तो हिवाळ्यात. उत्तर पॅसिफिकच्या वादळांत तयार झालेल्या लाटा हजारो किलोमीटर खोल पाण्यातून येतात आणि वायमिया उपसागराच्या उथळ खडकांशी अडखळून एकदम उभ्या राहतात. त्यांची समोरची भिंत कधीकधी १२ मीटर, म्हणजे चार मजल्यांइतकी असते.

अशा लाटांवर फळी घेऊन स्वार होणाऱ्यांमध्ये एडी आयकाऊचं नाव सर्वांत आदरानं घेतलं जातं. माउई बेटावर १९४६ साली एका मूळ हवाईयन कुटुंबात त्याचा जन्म झाला. शाळा अर्धवट सोडून तो अननसाच्या कारखान्यात कामाला लागला. १९६७ च्या नोव्हेंबरात वायमियाच्या प्रचंड लाटांवर त्यानं सगळ्यांचं लक्ष वेधलं आणि पुढच्याच वर्षी होनोलुलू प्रशासनानं त्याला उत्तर किनाऱ्यावर जीवरक्षक नेमलं. त्या काळी दिमतीला जेट स्की नव्हती. फळी, पोहण्याचे पंख आणि लाटेची जाण, एवढ्यावर त्यानं शेकडो जणांना बाहेर काढलं.

१९७८ च्या मार्चमध्ये तो होकुलेआ या पारंपरिक जोडनौकेवर ताहितीला निघाला. पूर्वजांची यंत्राविना दर्यावर्दी विद्या पुन्हा जिवंत करण्याचा तो उपक्रम होता. पहिल्याच रात्री मोलोकाई बेटाच्या दक्षिणेला नौका उलटली. खलाशी उलट्या सांगाड्याला धरून राहिले, वारा त्यांना विमानमार्गांपासून दूर ढकलत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी एडी फळीवरून एकटाच लानाई बेटाकडे मदत आणायला निघाला. बाकीच्यांना त्याच रात्री एका विमानानं पाहिलं, तटरक्षकांनी वाचवलं. एडीचा मोठा शोध घेऊनही तो सापडला नाही. तेव्हा तो ३१ वर्षांचा होता.

त्याच्या नावानं वायमियात स्पर्धा भरते, पण लाट पुरेशी मोठी असेल तेव्हाच. १९८० च्या दशकात सुरू होऊन २०२३ पर्यंत ती मोजून १० वेळा झाली. २०२३ ची स्पर्धा ल्यूक शेपर्डसननं जिंकली. तो त्या दिवशी तिथेच जीवरक्षक म्हणून ड्युटीवर होता.