शस्त्रवैद्य थिओडोर बिलरोथ

बाल्टिक समुद्रांतील र्‍यूगेन नांवाच्या जर्मन बेटावर, बेर्गेन गांवीं, ता. २६ एप्रिल १८२९ रोजीं एका धर्मोपदेशकाच्या घरीं थिओडोर बिलरोथचा जन्म झाला. तो पांच वर्षांचा असतांच पितृछत्र हरपलें. शाळेंत त्याची बुद्धि विशेष चमकली नाहीं. पुस्तकांहून पियानो त्यास अधिक प्रिय. संगीतासच वाहून घ्यावें असें त्याच्या मनांत होतें, परंतु आईची इच्छा मोडवेना म्हणून त्यानें वैद्यकाचा अभ्यास धरला. १८५२ मध्यें बर्लिन येथें पदवी मिळाली. दवाखाना थाटला, पण दोन महिने लोटले तरी एकही रोगी उंबरठा चढला नाहीं! अखेर लांगेनबेक या नामांकित शस्त्रवैद्यानें त्यास हाताखालीं घेतलें.

१८६० मध्यें बिलरोथ झुरिक येथें प्राध्यापक झाले. आमच्या मतें त्यांचा खरा पराक्रम येथें दिसतो. यशाचा गाजावाजा करावा व दगावलेल्या रोग्यांविषयीं मौन पाळावें, हा मोह वैद्यांस सहज पडतो. बिलरोथ यांनीं तेथील सात वर्षांचा सर्व हिशेब छापून प्रसिद्ध केला. त्यांत मृत्यु व स्वतःच्या चुकाहि होत्या. घरीं गेलेल्या रोग्यांचें पुढें काय झालें, याचीहि ते चौकशी करीत.

१८६७ मध्यें ते व्हिएन्ना येथें गेले. ता. २९ जानेवारी १८८१ रोजीं त्यांच्यापुढें ४३ वर्षांची एक स्त्री होती. जठराच्या तोंडाशीं कर्करोग झाल्यामुळें तिच्या पोटांत अन्न ठरत नसे. असा रोगट भाग कापून काढण्याचा प्रयत्न एका फ्रेंच व एका पोलिश शस्त्रवैद्यानें पूर्वीं केला होता. दोघांचेहि रोगी वांचले नव्हते. बिलरोथ यांच्या शिष्यांनीं मात्र आधीं कुत्र्यांवर प्रयोग करून, जठर शिवल्यावर जखम भरते हें पाहून ठेविलें होतें. रोगट भाग कापून उरलेलें जठर आंतड्यास जोडण्यांत आलें. बाई बरी होऊन अन्न घेऊं लागली व घरीं गेली. सुमारें चार महिन्यांनीं रोग उलटून ती वारली. शवविच्छेदनांत सांधा मात्र उत्तम जुळलेला आढळला.

परिचारिकांच्या शिक्षणासाठींहि त्यांनीं व्हिएन्ना येथें संस्था काढली. संगीत तर सुटलेंच नाहीं. संगीतकार ब्राम्स हे त्यांचे जिवलग मित्र; त्यांच्या नव्या रचना पुष्कळदां प्रथम बिलरोथ यांच्याच घरीं वाजत, आणि दोन तंतुवाद्य-रचना ब्राम्स यांनीं त्यांस अर्पण केल्या. ता. ६ फेब्रुवारी १८९४ रोजीं एड्रिॲटिक किनार्‍यावरील अबात्सिया येथें बिलरोथ निवर्तले. संगीताची जाण कोणास असते, या प्रश्नावरील त्यांचें पुस्तक तेव्हां अपुरेंच होतें. तें पुढें एका मित्रानें छापविलें.