दादोबा पांडुरंग तर्खडकर

दादोबा पांडुरंग तर्खडकर (जन्म : मुंबई, ९ मे १८१४, मृत्यू : १७ ऑक्टोबर १८८२) हे मराठी व्याकरणकार, शिक्षक, लेखक व धर्मसुधारक होते. मराठी भाषेचे पाणिनी म्हणून ते ओळखले जातात. त्यांचे घराणे मूळचे वसईजवळील तर्खड गावचे. प्रार्थना समाजाचे एक संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग हे त्यांचे धाकटे बंधू होत.

व्याकरणलेखन

विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ साली श्रीरामपूर येथून प्रसिद्ध झाले होते. परंतु ते इंग्रजीत व मराठी शिकू पाहणाऱ्या परकीयांसाठी होते. मराठी मुलांना आपल्या भाषेचे नियम मराठीतूनच कळावेत, ही गरज दादोबांनी १८३६ साली 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' लिहून भागवली. त्या वेळी त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते. पुढे हा ग्रंथ त्यांनी वेळोवेळी सुधारून वाढवला.

संस्कृत आणि इंग्रजी अशा दोन्ही व्याकरणपरंपरांचा आधार या ग्रंथास आहे. इंग्रजीचा साचा मराठीस कोठवर मानवतो, हा प्रश्न त्यामुळे उभा राहिला. पूर्ण वर्तमानकाळाचेच उदाहरण घ्यावे. 'बस' या धातूपासून 'बसला' होते, पण 'जा' पासून 'गेला', 'कर' पासून 'केला' आणि 'ये' पासून 'आला' होते. इंग्रजीतही 'वॉक'चे 'वॉक्ड' होते, परंतु 'गो'चे 'गॉन' आणि 'ईट'चे 'ईटन' होते. अशी रूपे दोन्ही भाषांत पाठच करावी लागतात. त्यापुढे इंग्रजी 'हॅव' अथवा 'हॅज' योजते, तर मराठी 'आहे'. साम्य येथेच संपते. इंग्रजीत 'हॅज' की 'हॅव' हे कर्ता ठरवतो. मराठीत मात्र 'रामाने आंबा खाल्ला आहे', पण 'रामाने भाकरी खाल्ली आहे'. क्रियापद कर्माच्या मागे जाते. म्हणून मराठीत प्रयोगविचारावाचून हा काळ समजत नाही, आणि या प्रयोगांवरच व्याकरणकारांत दीर्घकाळ वाद झाला. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी आपल्या व्याकरणविषयक निबंधांत दादोबांच्या मतांची चिकित्सा केली. मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली आले. मतभेद करावयासही आधी दादोबांचा ग्रंथ समोर असावा लागला, हे विसरता येत नाही.

इतर कार्य

जावऱ्याच्या नबाबाचे शिक्षक, सुरतेच्या इंग्रजी शाळेतील शिक्षक, मुंबईच्या नॉर्मल क्लासचे प्रमुख आणि १८५२ पासून अहमदनगरला डेप्युटी कलेक्टर, अशी त्यांची नोकरी झाली. सरकारने त्यांना रावबहादुर ही पदवी दिली. सुरतेस १८४४ साली दुर्गाराम मेहताजी आदींसह त्यांनी मानवधर्म सभा काढली. १८४९ साली मुंबईत जातिभेद न मानणारी परमहंस सभा स्थापन झाली. तिचे कामकाज गुप्तपणे चाले. 'धर्मविवेचन' हा ग्रंथ आणि मोरोपंतांच्या केकावलीवरील 'यशोदापांडुरंगी' ही टीका त्यांनी लिहिली.

त्यांचे आत्मचरित्र अ. का. प्रियोळकर यांनी संपादून १९४७ साली प्रसिद्ध केले. ते १८४६ पर्यंतच येऊन थांबते. त्यामुळे परमहंस सभेची हकीकत दादोबांच्या लेखणीतून तेथे मिळत नाही.